मीठ मी घेऊन येते

"मीठ सोडलं तर आमच्या घरात बाहेरचं काहीसुद्धा शिजत नाही," आबा म्हणाले. "लिहून घ्या!"

लिहून घ्यायला तिथं कोणी नव्हतं. एक नर्स होती, ती आबांच्या अंगठ्याला पट्टी बांधत होती. कोबी काढताना विळा कोबीऐवजी अंगठ्यात गेला होता. सून त्यांना घेऊन हॉस्पिटलात आली होती आणि बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. आबांचा आवाज असा, की शेतात दिलेली हाक गावात ऐकू जायची. वॉर्डात तर तो भिंतींवर आपटून परत येत होता.

निमित्त झालं शेजारच्या पेशंटच्या ताटाचं. ताटात घेवड्याच्या शेंगा होत्या. त्यांचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा होता. आबांनी त्यांत डोकावून पाहिलं आणि पेशंटला विचारलं, "हे खाऊन ऍडमिट झालास, की ऍडमिट होऊन हे खातोयस?"

"बाबा, हळू," सून पुटपुटली.

"हळू कशाला? आमच्या गावात असल्या शेंगा गायीला घातल्या तर गाय आपल्याकडे बघते, शेंगांकडे बघत नाही."

"कुठलं गाव तुमचं?" मागून कोणी तरी विचारलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. हॉस्पिटलात सगळे त्यांना याच नावानं ओळखत. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. दार रुंद होतं म्हणून त्या सरळ आत आल्या.

"टेकडीच्या पलीकडचं," आबा म्हणाले.

"एवढ्या जवळ? आणि या शेंगा माहितीये कुठून येतात? माझे पेशंट जन्मात हिंडले नसतील एवढ्या या शेंगा हिंडून येतात. इथं पोचेपर्यंत त्यांनाच खाट द्यायची वेळ येते. वाटेत बर्फ, वर प्लास्टिक, आणि डिझेलचा वास फुकट. तुमच्या गावात खरंच सगळं पिकतं?"

"मीठ सोडून!"

"मग रविवारी जेवायला येते. गावाच्या शिवेबाहेरचा एक दाणा ताटात नको. जेवण पटलं तर हॉस्पिटलची भाजी, अंडी, दूध, सगळं तुमच्या गावातून घेईन. रोज."

आबांनी पट्टी बांधलेला अंगठा वर करून होकार दिला. नर्सनं तो खाली केला.

"आणि मीठ?" सुनेनं भीत भीत विचारलं.

"मीठ मी घेऊन येते," मोठ्या बाई म्हणाल्या.

परत येताना आबा पुढं आणि सून मागं. आबांची छाती पुढं निघाली होती, सुनेची पावलं मागं पडत होती. स्वयंपाकघर तिच्या हातात होतं, त्यामुळं खरं काय ते तिला माहीत होतं. पण तिच्या मनात आणखीही काही तरी चाललं होतं. तिचा नवरा ड्रायव्हर. रोज पहाटे कोबीचा ट्रक घेऊन शहराच्या मार्केटला जायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. जेवताना डुलक्या घ्यायचा. कंबरेला पट्टा बांधूनच आडवा व्हायचा. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याची पाठ जितकी पाहिली होती, तितकं तोंड पाहिलं नव्हतं. ट्रकला शहराऐवजी टेकडीपलीकडं जायचं असतं तर हा माणूस सकाळच्या चहाला घरी असता. चहा पिताना तो कसा दिसतो, हे तिला बघायचं होतं.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई भांडी घासत होत्या. त्यांच्या हातातली कढई सुटली आणि मोरीत गरगर फिरत राहिली.

"घरातलंच सगळं?" त्या म्हणाल्या. "यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलंय का?"

"नाही ठेवलं तर आता ठेवतो," आबा म्हणाले आणि आत आले. "काढ बाहेर सगळं. दाखव."

सुनेनं फडताळ उघडलं. आधी तांदळाची गोणी ओढली. गोणीवर जहाजाचं चित्र होतं.

"हे काय?"

"तांदूळ. दुकानातला."

"जहाजातून?"

"तसं चित्र आहे खरं."

मग तेलाचा डबा निघाला. त्यावरच्या गावाचं नाव आबांनी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगळं वाचलं. मग कांदे, लसूण, टोमॅटो, हिरव्या मिरच्या.

"कांदा पण विकतचा?"

"कांद्याची जागा तुम्हीच मोडलीत, बाबा. कोबीसाठी."

"अंडी तरी..."

"कोंबड्या तुम्हीच काढून टाकल्यात. कोबी टोचतात म्हणून."

आबांनी भिंतीला हात टेकला. तो अंगठ्याचा होता, म्हणून पटकन काढून घेतला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"दूध! दूध आपलं आहे!"

सासूबाईंनी न बोलता दुधाची पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"अगं, गाय दारात बांधलीये आपल्या!"

"गाय आपलीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "दूध डेअरीचं आहे. सकाळी मी कॅन देते, संध्याकाळी ही पिशवी आणते. मधे काय होतं ते त्या गायीलाही माहीत नाही."

गाय खिडकीतून आत बघत होती. आबांनी खिडकी लावून घेतली.

"मग या घरात घरचं आहे तरी काय?"

"कोबी," सून म्हणाली.

आणि कोबी त्या घरात कोणी खात नव्हतं. आबांना कोबीनं पोटात वात धरायचा. सासूबाईंना वासानं मळमळायचं. ड्रायव्हरला कोबीचं नुसतं नाव काढलं तरी कंबरेत कळ यायची. आणि खरं कारण त्याहून सरळ होतं. कोबीवर काय काय फवारलं जातं, ते फवारणारी माणसं याच घरात राहत होती. फवारून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी पाण्याच्या घागरीला शिवायचं नाही, असा आबांचा दंडक होता. माल शहरात जातो, शहरातली माणसं दगड पचवतात, असं ते म्हणत. फवाऱ्यानंतर कोबीवर साधी माशीसुद्धा बसत नाही, हे तर ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

अंधार पडल्यावर ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, कंबर धरून ताठ व्हायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर सोडून दिला. येताना तो गावातल्या दुकानाचा माल घेऊन यायचा. दुकान समोरच होतं. आबा मुलाला मदत करायला म्हणून ट्रकपाशी गेले. खरं तर शहरातून गावात नक्की काय काय येतं, ते त्यांना आज बघायचंच होतं.

ताडपत्री काढली. कांद्याची पोती, बटाट्याची पोती, आणि मागं एका अंगाला कोबी.

"कोबी?" आबा म्हणाले. "आपल्या गावात कोबी येतो?"

"येतो की."

आबांनी पोत्याला हात लावला. पोत्याचं तोंड फाटक्या निळ्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं होतं. ते लुगडं सासूबाईंचं होतं. पट्ट्या आबांनी स्वतः फाडल्या होत्या. शहरातल्या ढिगात आपला माल लगेच ओळखू यावा, म्हणून ही त्यांची जुनी युक्ती होती.

माल ओळखू आला.

"हा आपला कोबी आहे," आबा म्हणाले.

"हो."

"मग हा इथं काय करतोय?"

"दुकानदाराचा माणूस मार्केटात घेतो. कधी दुसऱ्यांचा मिळतो, कधी आपलाच. मी भरून आणतो." ड्रायव्हरनं जांभई दिली. "जाताना घट्ट असतो, येताना जरा मऊ पडतो. वरची पानं काढून टाकतात, अर्धा तिथंच उकिरड्यावर."

"आणि तू आजवर बोलला नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. कोबी तुमचा आहे."

दुकानदार पोतं ओढायला आला. आबांनी त्याचं मनगट धरलं.

"हा कोबी कोण नेतं?"

"सगळेच नेतात. सुतार नेतो. शिंपीण नेते, तिची पोरगी कच्चाच खाते, कुरुम कुरुम. तुमचा धाकटा भाऊ तर दिवसाआड नेतो. शहरचा माल म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात."

आबा तिथंच पोत्यावर बसले. मग पोतं कशाचं आहे ते आठवलं आणि उठले. त्या रात्री ते जेवले नाहीत. सासूबाईंनी दोनदा कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता. आबा छताकडं बघत एवढंच म्हणाले, "कच्चाच खाते म्हणाला गं."

सकाळी सून कमरेला पदर खोचून गावात निघाली. रविवार तोंडावर आला होता आणि नुसत्या छताकडं बघून काही शिजणार नव्हतं. गावात सगळे एकाच पिकाच्या मागं लागलेले, त्यामुळं शेतांकडं बघून उपयोग नव्हता. तिनं कोपरे बघायला सुरुवात केली. परसं, छपरं, गटाराच्या कडा.

सुताराच्या कारखान्याच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. भोपळे चांगले गाडीच्या चाकाएवढे.

"हे लावले कोणी?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. बी थुंकलो असेन," सुतार म्हणाला. "खायचे असतात होय? मला वाटलं, पत्रा उडू नये म्हणून देवानं ठेवलेत."

भोपळा उतरवायला तो वर चढला आणि पत्र्यासकट खाली आला. पत्रा खरोखरच भोपळ्यांमुळं टिकून होता. सुताराला काही झालं नाही. तो लाकडाच्या भुशात पडला आणि भोपळा त्याच्या मांडीवर.

शिंपिणीकडं कोंबड्या निघाल्या. मशीनच्या खाली, चिंध्यांच्या ढिगात अंडी घालायच्या. ती अंडी ती शहरातून येणाऱ्या कापडवाल्याला द्यायची आणि पोरीसाठी दुकानातून अंडी आणायची. कारण दुकानातली धुतलेली असायची.

"म्हणजे तुझी अंडी शहरात जाऊन अंघोळ करून येतात," सून म्हणाली.

शिंपिणीनं तोंडातली टाचणी काढली. "असं कसं गं माझ्या डोक्यात आलं नाही?"

"कुणाच्याच नाही आलं. आणि हे बघ, पोरीला कोबी तेवढा देऊ नकोस."

"का?"

सुनेनं का ते सांगितलं. शिंपीण उठली. आत गेली, अर्धा कोबी आणून उकिरड्यावर फेकला आणि परत येऊन मशीनवर बसली. मशीन चालवत मात्र नव्हती.

"सासऱ्यांना सांग," शेवटी ती म्हणाली, "अंडी देते. पण त्यांनी माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचं."

बटाटे मिळाले पंपवाल्याकडं, पंपघराच्या मागं. दूध मिळालं, कारण सासूबाईंनी डेअरीचा कॅन त्या दिवशी रिकामाच दारात ठेवला. राहिलं तेल आणि घेवड्याच्या शेंगा. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. दोन्ही गोष्टी गावात एकाच माणसाकडं होत्या. आबांच्या धाकट्या भावाकडं.

दोघा भावांच्या शेतांमध्ये पूर्वी एक बांध होता. एका वर्षी थोरल्यानं नांगर थोडा आत घातला, पुढच्या वर्षी धाकट्यानं. असं करत करत दोघांनी मिळून बांध खाऊन टाकला. आता भांडायला बांध उरला नव्हता, भांडण तेवढं उरलं होतं. बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर गायीला उद्देशून मोठ्यानं सांगायचे.

"तूच जा," आबा सुनेला म्हणाले.

"काका म्हणाले, ज्याला हवंय त्यानं यावं."

आबा गेले. वाटेत शिंपिणीचं घर लागलं. त्यांनी मान खाली घातली आणि त्यामुळं विजेच्या खांबाला जाऊन धडकले. कपाळावर टेंगूळ घेऊनच ते भावाच्या दारात पोचले.

धाकट्याच्या शेतात सूर्यफुलं होती आणि फुलांवर मधमाश्यांचा नुसता बाजार भरला होता. आबा जरा वेळ बघत राहिले. आपल्या शेतात एवढी शांतता का असते, हे त्यांच्या आज लक्षात आलं.

"ये, दादा," धाकटा म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेल पाहिजे म्हणे?"

"पाहिजे."

"गायीला सांगू नकोस, मला सांग."

"पाहिजे म्हटलं ना!"

"तेल देतो. पण दाबायचं तू. माझा खांदा गेलाय."

धाकट्याचा घाणा हाताचा होता. लोखंडी स्क्रू, वर आडवा दांडा. दांडा ढकलत गोल फिरायचं, तसा खालून तेलाचा धागा सुटायचा. आबांचा अंगठा बांधलेला, म्हणून त्यांनी दांड्याला पोट लावलं आणि पोटानं ढकलत फिरू लागले. घामानं सदरा पाठीला चिकटला. धाकटा ओट्यावर बसून मजा बघत होता.

"शाबास. अजून एक चक्कर. बापानं आपल्याला असंच फिरवलं होतं, आठवतं का? तू मधेच सोडून पळालास."

"तू पळालास!"

"मी कशाला पळू? माझे पाय आखूड." धाकटा हसला. मग म्हणाला, "जेवूनच जा आता. कोबी केलाय. तुझा नाही हं, भिऊ नकोस. दुकानातला. शहरातून येतो, काय चव असते! तुला पिकवायला जमायचा नाही तसला."

आबा थांबले. दांडा पोटाला तसाच टेकलेला होता.

"खाऊ नकोस तो."

"का रे?"

"माझा आहे."

"काय तुझा आहे?"

"कोबी. इथून जातो, तिथून येतो. निळी पट्टी बघ पोत्याची. तुझ्या वहिनीच्या लुगड्याची. आणि त्यावर मी काय मारतो, ते मला विचारू नकोस."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. त्यानं एकदा आत स्वयंपाकघराकडं बघितलं, एकदा स्वतःच्या पोटाकडं. मग उठला, आत गेला, पातेलं घेऊन बाहेर आला आणि भावासमोर ते जमिनीवर ओतलं.

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "मी तुझ्या हातचं पाणी घेत नाही, म्हणून गावभर सांगत फिरतोय. आणि दिवसाआड तुझं विष खातोय?"

आबा दांड्यापासून मागं सरले. दाबून धरलेला घाणा सुटला, दांडा उलटा फिरला आणि त्यांच्या बरगडीत बसला. ते खाली बसले. धाकटा धावत आला, त्यानं थोरल्याला काखेत धरून उभं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांना हात लावला होता.

"मला माहीत नव्हतं रे," आबा कण्हत म्हणाले. "शहरात जातो म्हणून मारायचो."

"शहरात माणसं नसतात का?"

आबांनी दांड्याला पुन्हा पोट लावलं. उरलेलं तेल दोघांनी मिळून काढलं. एकाचा खांदा गेलेला, एकाची बरगडी दुखावलेली, मिळून एक धड माणूस झाला.

रविवारी मोठ्या बाई आल्या. काखेत मिठाचा डबा होता. अंगणात सतरंजी घातली होती आणि आपापल्या मालाचे धनी भोवती बसले होते. सुतार, शिंपीण, पंपवाला, धाकटा. ताटात उकडलेले बटाटे, शेंगांची भाजी, भोपळ्याच्या फोडी, अंडी, तांब्यात दूध. बिनमिठाचं सगळं, कारण मीठ बाई आणणार होत्या. भात नव्हता. जहाज फडताळातच राहिलं होतं.

"शेंगा कुणाच्या?"

"माझ्या," धाकटा म्हणाला. "आज सकाळी वेलावर होत्या."

"भोपळा?"

"माझा," सुतार म्हणाला. "पत्र्यावर होता."

मोठ्या बाईंनी प्रत्येक पदार्थाचं असं गोत्र विचारलं. मग डबा उघडला आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांच्या ताटांवर सढळ मीठ पेरलं. "हात जरा मोकळा आहे माझा," त्या म्हणाल्या. "पेशंटना फिकं घालून घालून कंटाळा येतो."

सगळ्यांनी एकदम घास घेतला.

सुतारानं डोळे मिटले. शिंपिणीनं घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला. सुनेला वाटलं, संपलं. नवऱ्याची पाठच बघायची आता जन्मभर.

"गोड झालंय," धाकटा आदबीनं म्हणाला.

"बटाटा जरा जास्तच गोड आहे," सुतार म्हणाला. "जमीन चांगली असेल."

मोठ्या बाई घास तोंडात धरून बसल्या होत्या. त्यांनी डब्यात बोट घातलं आणि चाटलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"साखर," त्या म्हणाल्या.

"कशात?"

"डब्यात. आमच्याकडं दोन्ही डबे सारखेच आहेत. मी साखरेचा उचलून आणला."

"हात्तिच्या!" आबा मोकळेपणानं हसले. "म्हणजे मिठाचा तिकडंच राहिला. बिघडलं काय त्यात?"

बाई हसल्या नाहीत. "आत्ता तिकडं दुपारचा चहा होत असेल," त्या म्हणाल्या. "सगळ्या वॉर्डांचा."

त्यांनी फोन लावला. पलीकडून कोण तरी बराच वेळ बोलत होतं. अंगणात सगळ्यांना एवढंच ऐकू आलं, की एक म्हातारा पेशंट चहा प्यायला आणि कित्येक दिवसांनी स्वतःच्या पायांनी उठून थेट तक्रार करायला गेला. डॉक्टर खूश होते.

दुकानातून मीठ आणलं. ताटं पुन्हा वाढली. आता मात्र मोठ्या बाई खाली मान घालून जेवल्या. शेंगा दोनदा घेतल्या. बोटं पुसून त्या म्हणाल्या, "सगळं आहे. तुमचा कोबी कुठाय?"

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं. एक शब्द इकडं तिकडं झाला तर सगळं मुसळ केरात. 'किडला' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'संपला' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सून मनातल्या मनात म्हणत होती, संपला म्हणा, संपला म्हणा.

"तो खाऊ नका," आबा म्हणाले. "आम्हीही खात नाही."

मोठ्या बाईंचा हात तांब्यावर थांबला. "आमच्याकडं आठवड्यातून तीनदा असतो कोबी," त्या म्हणाल्या. "पेशंटना हलका म्हणून."

"निळी पट्टी असते का पोत्याला?"

बाईंनी डोळे मिटले. असावी.

मग त्यांनी तांब्या उचलला. "उद्यापासून माल पाठवा. शेंगा, बटाटे, भोपळा, अंडी, दूध. कोबी मी स्वतः शेतात उभी राहून बघितल्याशिवाय घेणार नाही. पुढच्या लावणीला फवारा काढताना दिसलात तर हाच तांब्या डोक्यात घालीन." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "सकाळच्या स्वयंपाकाला माल हवा. उशीर चालणार नाही. माझ्याकडं दुसरं काही नसेल."

सुनेनं होकारार्थी मान हलवली. ती नको एवढी हलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या गावानं ट्रक भरला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर अंड्यांचे ट्रे रचले होते, शिंपीण ते कुणाला हलवू देईना. सून माल ताब्यात द्यायला जाणार होती. ती मागं शेंगांच्या पोत्यांत बसली. पहिल्या कोंबड्यापासून शेंगा तोडून तिच्या बोटांना चीक लागला होता. पोती मऊ होती. गाव संपायच्या आत ती झोपली.

टेकडीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडं हॉस्पिटल. उजवीकडं शहर.

ऊन वर आलं तसा मोठ्या बाईंचा फोन आला. "कुठाय माल?"

"निघून जमाना झाला!" आबा म्हणाले.

"इथं चुली पेटल्यात आणि पातेल्यांत नुसतं पाणी आहे."

आबांची पाचावर धारण बसली. दोघे भाऊ टेकडीपर्यंत पळत गेले, कडेच्या खड्ड्यांत डोकावले, नाल्यात उतरले. ट्रक नाही. सासूबाईंनी रडायला पदर तोंडाला लावला होता, पण पहिल्यांदा हालचाल केली तीही त्यांनीच. "रडून पातेली भरणार आहेत का?" म्हणून त्यांनी टोपली उचलली.

मग ज्याला जे सापडलं ते. सुतारानं हातगाडी काढली. उरलेले भोपळे, खुडलेल्या शेंगा, पंपघरामागचे बटाटे, माती तशीच. शिंपिणीनं कोंबड्यांच्या बुडाखालून गरम अंडी काढली. धाकट्यानं दुधाचा कॅन डोक्यावर घेतला आणि आबांनी हातगाडीला बरगडी लावली. टेकडीच्या चढावर कोणी गाडी ओढत होतं, कोणी ढकलत होतं, सगळे एकमेकांना शिव्या देत होते. हॉस्पिटलच्या खिडक्यांत पेशंट जमा झाले.

मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी हातगाडीकडं बघितलं, धापा टाकणाऱ्या भावांकडं बघितलं.

"चालत आलात?"

"चालत," आबा म्हणाले. पुढचा श्वास यायला वेळ लागला.

"एवढंसं अंतर, आणि त्याला ट्रक?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून हातगाडीच आणा. पोराला घरी ठेवा. लवकर आणा म्हणजे झालं."

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. ड्रायव्हर होता. त्याच्यामागं हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"बाबा, मी मार्केटात आहे."

"कशाला गेलास?"

"गेलो नाही, आलो. म्हणजे ट्रक सवयीनं हातांनीच वळवला. मला वाटतच होतं, आज हॉस्पिटल जरा लांब आलंय."

आबांनी फोन कानापासून दूर धरला. "आणि सूनबाई?"

"आहे की. मागं आहे." मग जरा थांबून, "बघून सांगतो."

शहरात तोवर ट्रक वजनकाट्यावर जाऊन आला होता. ड्रायव्हर फोन करायला गेटबाहेर गेला, तेवढ्यात हमालांनी रोजच्यासारखा माल उतरवला. शेंगांच्या पोत्यांत त्यांना सून झोपलेली सापडली. त्यांनी तिला उठवून बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि रिकामा ट्रक पुन्हा काट्यावर घेतला. भरलेल्या ट्रकचं वजन झालं तेव्हा ती आत होती, रिकाम्याचं झालं तेव्हा बाहेर. त्यामुळं तिचं वजनही शेंगांमध्ये धरलं गेलं आणि शेंगांसोबत त्याचाही लिलाव झाला.